घराची शाळा झाली, तेव्हा घराचे काय झाले?



२०२० सालच्या मार्च महिन्यात महाराष्ट्रातील शाळांना कुलपे लागली आणि पुढच्याच महिन्यात शिक्षण खात्याने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी घोषणा केली. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची अभ्यासमाला रोज शिक्षकांच्या मोबाइलवर येई, शिक्षक ती पालकांच्या गटावर पुढे पाठवीत आणि कागदोपत्री पाहता लक्षावधी मुलांचा अभ्यास सुरू असे. घोषणा करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. महामारीचे थैमान चालू असताना मुलांच्या हातून पुस्तक सुटू नये ही तळमळ तिच्यामागे होती. परंतु शाळा बंद असताना शिक्षण व्हावयाचे ते घरात. आणि हे काम अंगावर घेण्यास घर समर्थ आहे काय, त्यासाठी त्याला काय लागेल आणि तो खर्च कोणी सोसावा, हे प्रश्न त्या गडबडीत कोणी विचारलेच नाहीत.

ते दिवस आता मागे पडले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासूनचे आणि शहरांत आठवीपासूनचे वर्ग भरू लागले, धाकट्यांना डिसेंबरपर्यंत थांबावे लागले, जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा खंड पडला आणि त्यानंतर मात्र घंटा नियमित वाजू लागली. मग या शिळ्या कढीला ऊत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, शाळा उघडल्या तरी ऑनलाइन शाळेची कल्पना महामारीबरोबर गेली नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने आपल्या आभासी शाळेचा प्रारंभ केला. ऑगस्ट २०२२ मध्ये दिल्ली सरकारने नववीपासून बारावीपर्यंतची अशीच शाळा सुरू केल्याचे जाहीर केले. खाजगी कंपन्यांनी तर या काळात मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यापासून रिक्षाचालकाच्या खोलीपर्यंत सर्वत्र आपला माल विकला. आणि महाराष्ट्रात २०२३ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ उभारण्याचे प्रस्ताव मागविण्यात आले. वाडीवरचा शिक्षक काढून घेऊन त्याच्या जागी पडदा टांगण्याचा मोह उद्या एखाद्या काटकसरी अर्थखात्याला होणारच नाही, याची हमी कोण देईल? तेव्हा त्या दोन वर्षांचा हिशेब नीट मांडून ठेवणे आवश्यक आहे.

हिशेब घरापासून सुरू करावा लागेल. सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगार स्त्रीचे घर डोळ्यांसमोर आणावे. तेंदूची पाने आणि तंबाखू आणून ती दिवसभर विड्या वळते. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. म्हणजे ज्या तासात हात थांबला त्या तासाची मजुरी बुडाली. घरात बोलावयाची भाषा बहुधा तेलुगू, मूल मराठी शाळेत. नवरा यंत्रमागावर, पाळीच्या कामाला. खोली एक, मोबाइल एक, आणि तो मोबाइल नवऱ्याच्या खिशात, कारण कामावर बोलावणे त्याच मोबाइलवर यावयाचे. सकाळी अकराला तास सुरू होतो तेव्हा मोबाइल घराबाहेर असतो. रात्री तो घरी येतो तेव्हा बाईंचा तास संपून दहा तास उलटलेले असतात.

बीडच्या ऊसतोड मजुराची स्थिती याहून बिकट. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन नवरा-बायको कारखान्याच्या तळावर जातात, मोबाइलही त्यांच्याबरोबर जातो. कारण मुकादम गाडी कधी लागणार हे त्याच्यावरच सांगतो. मूल गावी आजीजवळ राहिले तर मोबाइलशिवाय राहते. आईबापांबरोबर फडावर गेले तर मोबाइल असतो, पण तेथे ते धाकट्या भावंडाला सांभाळते. नंदुरबारच्या अक्राणीत किंवा गडचिरोलीच्या भामरागडात तर प्रश्न त्याच्याही आधी सुरू होतो. तेथील कितीतरी पाड्यांवर रेंजच नाही. ती शोधावयाची तर टेकडी चढावयाची.

आकडे हेच सांगतात. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पंचाहत्तराव्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशाच्या ग्रामीण भागातील शंभर कुटुंबांपैकी जेमतेम चारांकडे संगणक होता आणि पंधरांकडे इंटरनेटची सोय होती. शहरांतही इंटरनेट असलेली कुटुंबे ४२ टक्केच होती. ही माहिती सरकारचीच होती आणि शाळा बंद करताना सरकारच्या हाताशी होती. पुढे मोबाइल वाढले हे खरे. ‘असर’च्या सप्टेंबर २०२० च्या पाहणीत शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, दोनच वर्षांपूर्वी हे प्रमाण साडेछत्तीस टक्के होते. या वाढीचे कौतुक करणाऱ्यांनी क्षणभर थांबून विचार करावा की, रोजगार बुडालेल्या वर्षात ते मोबाइल आले कोठून? कोणी कर्ज काढले, कोणी शेळी विकली, कोणी हप्ते बांधून घेतले. शिक्षण मोफत व सक्तीचे आहे असे २००९ चा कायदा सांगतो; त्या कायद्याच्या राज्यात शाळेचे प्रवेशद्वारच पालकांनी आपल्या पैशाने विकत आणले आणि दरमहा रिचार्ज करून ते उघडे ठेवले.

पण केवळ उपकरणांची मोजदाद करून थांबले तर मुख्य मुद्दा निसटतो. ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील सुमारे चौदाशे वंचित घरांची पाहणी केली. त्या घरांतील ग्रामीण मुलांपैकी नियमितपणे ऑनलाइन शिकणारी मुले केवळ आठ टक्के निघाली. ३७ टक्के मुले मुळीच शिकत नव्हती. यात आश्चर्य नाही. लक्ष वेधून घेणारा आकडा दुसराच आहे. ज्या ग्रामीण घरांत स्मार्टफोन होता, त्या घरांतसुद्धा नियमित शिकणारी मुले पंधरा टक्केच होती. मोबाइल आहे, आणि तरीही शंभरांतील पंच्याऐंशी मुलांपर्यंत शाळा नियमितपणे पोहोचत नाही! मोबाइल वाटले की प्रश्न सुटला असे मानणाऱ्या पुढाऱ्यांनी हा आकडा आपल्या टेबलावर काचेखाली ठेवावा.

याचा अर्थ लावताना शिक्षणक्षेत्रातील बऱ्याच मंडळींनी एक सोपा निष्कर्ष काढला: पालक उदासीन आहेत. ‘गटावर संदेश टाकला, चाळीसांपैकी सहांनी पाहिला’ अशी तक्रार त्या काळात शिक्षकांच्या तोंडी सर्रास ऐकू येई. शिक्षकाचीही बाजू आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक तेव्हा घरोघर सर्वेक्षण करीत होता, तपासणी नाक्यावर उभा होता आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या खर्चाने भरलेल्या मोबाइलवर पाठ तयार करीत होता. त्याच्या वैतागाला कारण होते. तथापि पालकांची उदासीनता हा शब्द जपून वापरावा. ज्या आईला संदेशातील अक्षरे वाचता येत नाहीत, तिने तो संदेश पाहिला नाही ही उदासीनता कशी? ज्या बापाचा मोबाइल गवंडीकामाच्या ठिकाणी विटांच्या ढिगाजवळ वाजतो, त्याने अकराच्या तासाला मुलाला बसविले नाही यात त्याचा दोष कोणता? ‘असर’च्याच पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश मुलांना अभ्यासात घरातील कोणाची ना कोणाची मदत होत असल्याचे दिसले. बाप शिकलेला नसेल तर थोरली बहीण मदत करीत होती. गरीब घर मुलाच्या शिक्षणाबाबत बेफिकीर असते हा समज सुखवस्तू वर्गाला सोयीचा आहे, एवढेच त्याचे महत्त्व.

आणि घराने मदत केली म्हणजे घरात कोणी केली? बहुतेक ठिकाणी आईने. पगारदार मध्यमवर्गीय घरातही, जेथे मोबाइल होते, संगणक होते, पंखा आणि टेबल होते, तेथे सहा वर्षांच्या मुलाला पडद्यासमोर बसविणे, त्याचा आवाज चालू-बंद करणे, वहीचे छायाचित्र काढून पाठविणे, हे काम स्वयंपाक व नोकरी सांभाळून तिनेच केले. केंद्र सरकारच्या जुलै २०२० च्या ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पूर्वप्राथमिक मुलांसाठी पडद्याची मर्यादा तीस मिनिटे ठेवली आणि तीही पालकांशी संवाद साधण्यासाठी म्हणून. मर्यादा योग्यच होती. पण उरलेल्या दिवसाची शिक्षिका कोण, हे त्यातून आपोआप ठरले. तिची नेमणूक झाली नाही, तिला प्रशिक्षण नाही आणि पगाराचे तर नावच नको.

या प्रश्नाशी सत्तर वर्षांहून अधिक काळ झुंजणारा एक देश आहे. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शेकडो मैलांवर एकेक पशुपालक घर. जवळ शाळा असण्याचा संभव नाही. फ्लाइंग डॉक्टर सेवेची बिनतारी यंत्रे या घरांत पोहोचली होती. त्या सेवेच्या कार्यात सहभागी असलेल्या अ‍ॅडिलेड मीत्के या शिक्षणाधिकारी बाईंच्या लक्षात आले की, या एकाकी मुलांना एकमेकांचा सहवासच नाही, ती बुजरी झाली आहेत; आणि डॉक्टरला हाक मारणाऱ्या यंत्रावरून त्यांना शिकविताही येईल. १९५१ च्या जून महिन्यात अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे ‘स्कूल ऑफ द एअर’ रीतसर सुरू झाली. तिचे कार्यक्षेत्र सुमारे तेरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठे! बिनतारी यंत्राची जागा पुढे उपग्रहाने आणि इंटरनेटने घेतली. जगात आज ज्याला ऑनलाइन शाळा म्हणतात तिची ही आजी म्हणावी लागेल.

या शाळेत यंत्राचे काम फार थोडे होते. त्या काळी मुलाला शिक्षिकेचा आवाज दिवसातून अर्धा तास ऐकू येई. उरलेले पाच-सहा तास टपालाने आलेले पाठ घेऊन ते घरातील टेबलाशी बसे आणि त्याच्या शेजारी एक मोठे माणूस बसे. त्या माणसाला तेथे नाव आहे, गृहशिक्षक. बहुधा ती मुलाची आईच असते, क्वचित पगारी मुलगी ठेवलेली असते. शाळा या गृहशिक्षकाला आपल्या रचनेतील एक अधिकृत घटक मानते, तिला कसे शिकवावे ते शिकविते, तिच्या अडचणींसाठी वेळ राखून ठेवते. शिक्षिका वर्षातून एकदा प्रत्येक मुलाच्या घरी जाते, मग रस्ता कितीही लांबचा असो. आणि वर्षातून काही वेळा सर्व मुले आठवडाभर एका ठिकाणी जमतात. एरवी केवळ आवाजाने ओळखीची असलेली ती मुले तेव्हा एकत्र खेळतात, पोहतात, भांडतात.

एवढ्यावरही तेथील पालक समाधानी राहिले नाहीत. १९७१ मध्ये न्यू साउथ वेल्समधील बर्क या गावी त्यांनी एकाकी मुलांच्या पालकांची संघटना बांधली. १९७३ मध्ये व्हिटलम यांच्या मजूर सरकारने अशा मुलांच्या कुटुंबांसाठी अर्थसाहाय्याची योजना सुरू केली. गृहशिक्षकाच्या श्रमाला मोबदला मिळावा ही मागणी मात्र संघटनेला पुढेही वर्षानुवर्षे लावून धरावी लागली. या चित्राला काळी बाजूही आहे. ही शाळा दीर्घकाळ प्रामुख्याने गोऱ्या पशुपालकांच्या मुलांची राहिली. ज्यांची ती भूमी त्या आदिवासींच्या मुलांचा विचार तिच्या उभारणीत अग्रभागी नव्हता. तेव्हा आदर्श म्हणून तिची पूजा बांधण्याचे कारण नाही. पण दूरची शाळा चालवावयाची तर मुलाशेजारी एक माणूस लागते, त्या माणसाला आधार लागतो आणि शिक्षकाला अधूनमधून उंबरठा ओलांडून घरात जावे लागते, एवढे ज्ञान तेथे अर्धशतकापूर्वीच जमा झालेले होते.

ते ज्ञान बाजूला सारून ऑनलाइन शाळा धंद्याच्या हाती दिली म्हणजे काय होते, हे अमेरिकेत दिसले. तेथे सरकारी पैशावर चालणाऱ्या आणि बऱ्याच ठिकाणी खाजगी कंपन्यांनी चालविलेल्या ऑनलाइन शाळा एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून फोफावल्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका संशोधन केंद्राने २०१५ मध्ये त्यांची पाहणी प्रसिद्ध केली. सारख्या परिस्थितीतील नेहमीच्या शाळांतल्या मुलांच्या तुलनेत ऑनलाइन शाळेतील मुले गणितात वर्षाला १८० दिवस मागे पडत होती. अमेरिकेत शाळेचे वर्षच साधारण १८० दिवसांचे असते! वाचनात ती ७२ दिवस मागे होती. त्याच वेळी मॅथेमॅटिका या संस्थेने केलेल्या अभ्यासात आढळले की, नेहमीच्या शाळेतील मुलाला एका दिवसात शिक्षकाचा जितका प्रत्यक्ष तास मिळतो, त्याहून कमी या शाळांतील मुलाला एका आठवड्यात मिळतो. मुलांना अभ्यासात गुंतवून ठेवणे ही आपली सर्वांत मोठी अडचण असल्याचे शाळाचालक स्वतःच सांगत होते. आणि प्राथमिक वर्गांच्या बाबतीत तीन-चतुर्थांशाहून अधिक शाळांची अपेक्षा अशी की, पालकांनी शिकविण्यात प्रत्यक्ष भाग घ्यावा. अनुदान शाळेला आणि शिकविणे आईला, असा हा व्यवहार.

ओहायो राज्यातील ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ या शाळेचे प्रकरण तर प्रसिद्धच आहे. २००० मध्ये सुरू झालेल्या या शाळेने २०१५-१६ साली पंधरा हजारांवर विद्यार्थी दाखविले होते. राज्याने मुले प्रत्यक्षात किती वेळ शिकत होती याचे पुरावे मागितले, तेव्हा सुमारे ६,३०० विद्यार्थ्यांइतकाच हिशेब लागला. राज्याने सहा कोटी डॉलर परत मागितले, जानेवारी २०१८ मध्ये ऐन वर्षाच्या मध्यावर शाळा बंद पडली आणि हजारो मुले उघड्यावर आली. संस्थापकाच्याच कंपन्यांकडे शाळेची कंत्राटे होती, हे ऐकून सहकारी साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात कोणाला नवल वाटू नये. परंतु भ्रष्टाचाराहून गंभीर बाब निराळी आहे. वर्गातील बाक रिकामे राहिले तर ते दिसते. शेजारचे मूल विचारते, शिपाई विचारतो, बाई घरी निरोप धाडतात. पडद्यावरील मूल नाहीसे झाले तर त्याचे नाव यादीत तसेच राहते, आणि ज्याचे अनुदान त्या यादीवर अवलंबून आहे त्याला ते नाव काढण्याची घाई नसते.

महाराष्ट्रातही महामारीत असेच झाले, आणि येथे कोणी ते पैशासाठी केले असे मुळीच नाही. गटावरून नाहीशी झालेली मुले पटावर होतीच. शाळा उघडल्या तेव्हा कोणी हॉटेलात काम करताना सापडले, कोणी आईबरोबर निंदणीला जाताना, आणि कित्येक मुलींच्या बाबतीत अक्षता आधीच पडून गेलेल्या होत्या.

या काळोखात काही ठिकाणी दिवे लागले तेही सांगितले पाहिजेत. सोलापूरच्या निलमनगर भागात विडी व यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतील शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंती रंगविल्या आणि त्यांवर पाठ लिहिले. मुले येता-जाता वाचू लागली. त्यासाठी मोबाइल नको, रिचार्ज नको. पालघर जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याकडे आदिवासी पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून पाठ ऐकविणारी ‘बोलकी शाळा’ फिरली. तेथे नातवाबरोबर आजीही पाठ ऐकत बसे. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका आली. घरातील व परिसरातील साध्या वस्तूंतून शिकण्यावर तिचा भर होता. ठिकठिकाणी शिक्षकांनी स्वाध्यायपत्रिका छापून किंवा हाताने लिहून दुचाकीवरून घरोघर पोहोचविल्या, कोणी पारावर अंतर ठेवून पाच-पाच मुले बसविली. यातील यश कशाचे होते? भिंत, कर्णा आणि कागद ही काही भारी साधने नव्हेत. ज्या शिक्षकाला आपल्या पटावरील प्रत्येक मुलाचे घर ठाऊक होते, बापाची पाळी ठाऊक होती, त्याने त्या घराला झेपेल असे साधन निवडले.

महाराष्ट्राला ही रीत नवीन नाही. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डी येथे गेल्या आणि पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवरून त्यांनी वारल्यांच्या मुलांत काम केले. मूल बालवाडीत येत नाही असे दिसताच त्यांनी बालवाडी मुलाच्या अंगणात नेली. तिलाच अंगणवाडी हे नाव मिळाले. थोरली मुले गुरे राखावयास कुरणात जात. म्हणून तेथे कुरणशाळा भरली. पाड्याला शाळेच्या वेळापत्रकात कोंबण्याऐवजी शाळा पाड्याच्या दिवसात बसविण्याचा हा उद्योग होता. त्यांच्याजवळ विजेचा दिवासुद्धा नव्हता. आज उपग्रह हाताशी आहे. पण पाठ लावण्यापूर्वी मूल कोठे आहे हे पाहण्याची ती नजर मात्र शोधावी लागते.

तर मग ऑनलाइन शाळा नकोच, असे म्हणावयाचे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेले मूल आहे. शाळा अर्ध्यात सोडून संसाराला लागलेली, आता दहावीचा अर्ज भरू पाहणारी स्त्री आहे. आईबापांबरोबर जिल्हा ओलांडून जाणारे ऊसतोड मजुराचे मूल आहे. त्याच्या बाबतीत तर गावची शाळा फडापर्यंत त्याच्यामागे जाऊ शकली तर ती मोठीच गोष्ट होईल. यांच्यासाठी दूरची शाळा हा हक्काचा मार्ग आहे आणि तो चांगला असला पाहिजे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९ पासून अंतराने शिकणाऱ्यांसाठी गावोगावी अभ्यासकेंद्रांचा आधार घेतला तो याच जाणिवेतून. कमावत्या प्रौढालासुद्धा बसावयास जागा आणि विचारावयास माणूस लागते; मग आठ वर्षांच्या पोराला ते लागणार नाही?

तेव्हा ऑनलाइन शाळा चालवू इच्छिणाऱ्या सरकारकडे काय मागावयाचे ते स्पष्ट असावे. उपकरण आणि त्याचा मासिक खर्च शाळेचा, पालकाचा नव्हे; पाठ्यपुस्तक मोफत आहे तसेच हे. प्रत्येक मुलामागे नावानिशी जबाबदार असा एक शिक्षक हवा आणि त्याच्याकडे इतकीच मुले हवीत की, एखादे मूल दोन दिवस दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी तो त्याच्या घरी बोलू शकेल. बोलू शकेल असे म्हटले आहे. संदेश धाडणे म्हणजे बोलणे नव्हे. बोलताना पहिला प्रश्न ‘अभ्यास का केला नाही’ असा असू नये. घरी सर्व ठीक आहे ना, काम मिळते ना, पोर जेवले ना, हे विचारल्यावर अभ्यासाचे कारण बहुधा आपोआप कळते. पालकांशी बोलावयाचे ते त्यांच्या भाषेत: पावरी, गोंडी, कोरकू किंवा तेलुगू बोलणाऱ्या आईला छापील मराठीतील सूचनापत्र पाठवून तिचा सहभाग मिळत नाही. तिच्यासाठी आवाजी निरोप हवा, आणि तोही तिच्या पाळीनंतरच्या वेळी.

ज्या घरात मुलाशेजारी बसण्यास कोणी मोकळे नाही, तेथे ते माणूस सार्वजनिक खर्चाने द्यावे. गावातील बारावी झालेली मुलगी, समाजमंदिराची खोली, संध्याकाळचे दोन तास आणि तिला ठरलेले मानधन, एवढीच ही योजना आहे. मानधन हा शब्द मात्र येथे भीतभीतच उच्चारावा लागतो. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्त्या यांच्याकडून पूर्ण वेळेचे काम घेऊन त्याला मानधन म्हणण्याचा सरकारचा पूर्वानुभव आहे. त्यात आणखी एका वर्गाची भर पडावयाची तर ही योजना न आलेली बरी. कामाला वेतन म्हणावे आणि वेतनासारखे द्यावे.

शेवटचा मुद्दा अधिकाराचा. शिक्षण हक्क कायद्याच्या एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समिती निर्माण केली. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांच्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात या समित्यांच्या सभा कशा होतात, सह्या कशा घरोघर फिरवून घेतल्या जातात, हे येथे बसलेल्यांना सांगण्याची गरज नाही. तरीही पालकाला शाळेत प्रश्न विचारण्याचा हा एक कायदेशीर दरवाजा आहे. महामारीच्या दोन वर्षांत तास किती वाजता असावा, मोबाइलवर की कागदावर, याविषयी किती समित्यांना विचारले गेले? ज्यांच्या घरात शाळा भरवावयाची त्यांची परवानगीही कोणी घेतली नाही. आता आभासी शाळा निघतील तेव्हा त्यांना समिती असेल की नाही, तिच्यात कोण असेल, शंभर गावांत पांगलेले पालक ती कोठे भरवतील, आणि शाळेची हजेरी व खर्चाचा तपशील तिच्यापुढे ठेवला जाईल की नाही, हे नियमावलीत आधीच लिहून घ्यावयास हवे. शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी ही मागणी एकत्रितपणे करावी. आजवर ते बहुधा एकमेकांविरुद्ध तक्रार घेऊनच शिक्षणाधिकाऱ्याच्या दारात भेटत आले आहेत. विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि ऊसतोड मजूर यांच्या संघटनांनीही मजुरीच्या मागण्यांबरोबर ही मागणी आपल्या पत्रकात घ्यावी, कारण ज्या तासाला आईने विड्या बाजूला ठेवून मुलाजवळ बसावयाचे, त्या तासाची मजुरी तिच्याच घरातून जाते.